क्षमा आणि पद

सत्ता हाती असलेला माणूस नीतिभ्रष्ट झाला तर त्याला पदावरून दूर करावे काय, आणि करावयाचे तर ते कोणी व कोणत्या निकषावर, हा प्रश्न जितका राज्यशास्त्राचा तितकाच धर्मशास्त्राचाही आहे. राजकारणी तो बहुमताच्या हिशेबाने सोडवितात आणि वृत्तपत्रे खळबळीच्या हिशेबाने. आपणां ख्रिस्ती माणसांना मात्र तो इतक्या सहजतेने सोडविता येत नाही, कारण आपल्या श्रद्धेच्या केंद्रस्थानी पापक्षमा आहे. दर रविवारी मिस्साबलीच्या प्रारंभी धर्मगुरूपासून वेदीसेवकापर्यंत आपण सारे छातीवर हात मारून आपले अपराध कबूल करतो. मग अशा मंडळीत एखाद्याच्या अपराधाकडे बोट दाखवून त्याला आसनावरून खाली उतरविण्याचा अधिकार कोणाला? आणि तो अधिकार कोणालाच नाही असे ठरविले, तर त्या आसनाच्या आश्रयाने राहणाऱ्या दुबळ्यांचे काय?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आम्ही वाचकांना प्रथम एका काल्पनिक राज्यात नेऊ इच्छितो. खऱ्या राज्यांविषयी बोलू लागलो की आपापला पक्ष, आपापले गाव आणि आपापली माणसे आडवी येतात. काल्पनिक राज्यात आपला कोणी सोयरा नसतो. तेथे बुद्धी जरा निर्मळपणे चालते.

हे राज्य म्हणजे संत थॉमस मोर यांनी रंगविलेले ‘यूटोपिया’ हे बेट. संत थॉमस मोर हे नाव कॅथलिक कुटुंबांना अपरिचित नाही. इंग्लंडचे हे नामवंत कायदेपंडित १५२९ साली आठव्या हेन्री राजाचे लॉर्ड चॅन्सेलर झाले, १५३२ साली त्यांनी त्या पदाचा त्याग केला, आणि राजाला इंग्लंडमधील ख्रिस्तसभेचा सर्वोच्च प्रमुख मानण्यास त्यांची सदसद्विवेकबुद्धी तयार होईना म्हणून ६ जुलै १५३५ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. १९३५ साली ख्रिस्तसभेने त्यांना संत म्हणून घोषित केले, आणि २००० साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना राज्यकर्त्यांचे व राजकारणी व्यक्तींचे आश्रयदाते संत म्हणून जाहीर केले. त्यांचा ‘यूटोपिया’ हा लॅटिन ग्रंथ १५१६ सालचा, म्हणजे चॅन्सेलरपद मिळण्यापूर्वी तेरा वर्षे आधीचा. ग्रीक शब्दांवरून घडविलेल्या या नावाचा अर्थच मुळी ‘कोठेही नसलेले ठिकाण’ असा आहे. ग्रंथ संवादाच्या रूपात आहे. बेटाची हकीकत राफाएल हिथ्लोडे नावाचा एक कल्पित प्रवासी सांगतो आणि मोर ती ऐकतात. त्यामुळे बेटावरील प्रत्येक रिवाज खुद्द मोर यांना मान्य होता असे समजण्याचे कारण नाही. विचाराला चालना देणे हाच त्या रचनेचा हेतू दिसतो.

या बेटावर चोपन्न नगरे आहेत. दर तीस कुटुंबांमागे एक अधिकारी दरवर्षी निवडला जातो. असे दोनशे अधिकारी एकत्र येऊन गुप्त मतदानाने नगराचा प्रमुख निवडतात. हा प्रमुख आजन्म पदावर राहतो, परंतु तो जुलमी सत्ता बळकाविण्याच्या मार्गावर आहे असा संशय आल्यास त्याला दूर करता येते. अधिकारपदासाठी जो स्वतःहून खटपट करील, मते मागत फिरेल, त्याला कोणतेही पद मिळण्याची आशा कायमची सोडावी लागते. (हा नियम आपल्याकडे लागू झाला तर ग्रामपंचायतीपासून सोसायटीपर्यंत उमेदवार शोधावे लागतील!) सभेत एखादा विषय प्रथम मांडला जाईल त्याच दिवशी त्यावर चर्चा करावयाची नाही, असाही दंडक आहे, घाईने बोललेला माणूस पुढे आपल्याच शब्दांचा अभिमान राखण्यासाठी लोकहित विसरतो, हे त्यामागील कारण. नगरप्रमुखाला मुकुट नाही की वेगळा झगा नाही. त्याच्यासाठी धान्याची एक पेंढी धरली जाते, एवढीच त्याची खूण. जसा मुख्य धर्मगुरूपुढे मेणाचा दिवा.

धान्याच्या पेंढीची ही खूण आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते. पद हे धारण करणाऱ्याच्या शोभेसाठी नसून, ज्यांच्या ताटात अन्न पडावयाचे आहे त्यांच्यासाठी आहे, हे ती न बोलता सांगते.

परंतु याच बेटावर एक रिवाज असा आहे की तो वाचताना आमच्यासारख्या धर्मगुरूला थबकावेच लागते. यूटोपियात धर्मगुरू फार थोडे, प्रत्येक नगरात तेराच्या वर नाहीत. लोक त्यांची निवड गुप्त मतदानाने करतात. लोकांच्या नीतीवर देखरेख ठेवणे हे त्यांचे काम, आणि त्यांच्यापुढे बोलाविले जाणे ही मोठी नामुष्की समजली जाते. सामान्य माणसाने विवाहाची मर्यादा मोडली तर त्याला कठोर गुलामगिरी भोगावी लागते. मात्र धर्मगुरूच्या हातून एखादा गुन्हा घडला तर त्याच्यावर सार्वजनिक न्यायासनापुढे खटला चालत नाही. त्याला देवावर आणि त्याच्या स्वतःच्या मनावर सोपविले जाते. देवाला अर्पण झालेल्या माणसावर मर्त्य हात टाकणे योग्य नाही, अशी त्यांची भावना आहे. यात फारसा धोका नाही असे समर्थनही दिले आहे: हे लोक मोजकेच, अत्यंत पारखून निवडलेले, आणि आदरापलीकडे त्यांच्या हाती सत्ता अशी काही नाही.

थोडक्यात, लोकांच्या नीतीचा रखवालदार स्वतः मात्र रखवालीबाहेर. आम्ही संत थॉमस मोर यांच्यापुढे नतमस्तक आहोत. तरीही, हा रिवाज त्यांनी मनापासून सांगितला असो वा मिस्कीलपणे, त्याच्याशी आम्ही सहमत होऊ शकत नाही. ‘आदरापलीकडे सत्ता नाही’ हे वाक्य वरवर निरुपद्रवी दिसते, पण आदर हीच केवढी मोठी सत्ता आहे! ज्याच्या हाती दंडुका आहे त्याच्यापासून माणूस सावध तरी राहतो. ज्याच्याविषयी आदर आहे त्याच्या हाती आईबाप आपले मूल निःशंकपणे सोपवितात.

जुन्या करारातील एलीची कथा येथे आठवते. एली हा शिलो येथील याजक. त्याचे दोन पुत्रही याजकपदावर होते. ते देवाला अर्पिलेल्या मांसातून जबरीने हवे ते उचलीत आणि मंदिराच्या दारी सेवा करणाऱ्या स्त्रियांशी दुर्वर्तन करीत. एलीला हे सारे ठाऊक होते. त्याने मुलांना समजही दिली. परंतु त्याने त्यांना आवरले नाही. त्यांचे पद तसेच राहिले, बळी अर्पण करण्यासाठी येणाऱ्या गरीब माणसाला त्यांच्याच हाती आपले अर्पण द्यावे लागले. पुढे युद्धात दोघे पुत्र मारले गेले, कराराचा कोश शत्रूच्या हाती पडला, आणि ती वार्ता ऐकून वृद्ध एली आसनावरून मागे पडून मरण पावला. पवित्र शास्त्र एलीवर दुराचाराचा आरोप करीत नाही. त्याचा दोष एवढाच की जेथे कृती हवी होती तेथे तो केवळ शब्दांवर थांबला. पित्याचे हृदय आणि अधिकाऱ्याचे कर्तव्य यांत त्याने पहिल्याला कौल दिला, आणि त्याची किंमत इतरांनी मोजली.

ही केवळ तीन हजार वर्षांपूर्वीची कथा नव्हे. आपल्या काळात अनेक देशांतील ख्रिस्तसभेला हेच दुःख भोगावे लागले आहे. बालकांवर अत्याचार करणाऱ्या काही धर्मगुरूंना समज देऊन दुसऱ्या धर्मग्रामात पाठविण्यात आले, आणि तेथे नवी बालके बळी पडली. अमेरिकेतील माजी कार्डिनल थिओडोर मॅककॅरिक यांना २०१९ साली धर्मगुरूंच्या वर्गातून काढून टाकण्यात आले. २०२० साली व्हॅटिकनने स्वतःच प्रसिद्ध केलेल्या विस्तृत अहवालातून दिसून आले की त्यांच्याविषयीचे इशारे त्याच्या कितीतरी वर्षे आधीपासून वरपर्यंत पोहोचत होते. हे लिहिताना आमची लेखणी जड होते. परंतु धर्मगुरूने या विषयावर लिहावे आणि हा अध्याय वगळावा, हे वाचकांच्या विश्वासाला धरून होणार नाही.

या दुःखाने व्यथित होऊन कोणी म्हणेल: तर मग पापी माणसाचा अधिकार पापाच्या क्षणीच संपतो असे सरळ का मानू नये? हा विचार नवा नाही. इ. स. ३०३ मध्ये सुरू झालेल्या सम्राट डायोक्लेशनच्या छळात काही धर्माधिकाऱ्यांनी घाबरून पवित्र ग्रंथ शत्रूच्या स्वाधीन केले होते. पुढे उत्तर आफ्रिकेतील डोनाटिस्ट पंथाने असे प्रतिपादिले की अशा कलंकित हातांनी दिलेले संस्कार संस्कारच नव्हेत. संत ऑगस्टीन यांनी या मताशी प्रदीर्घ झुंज दिली. संस्कार ख्रिस्ताचे आहेत, देणाऱ्याचे नव्हेत, हे त्यांचे उत्तर. चौदाव्या शतकात ऑक्सफर्डचे जॉन विक्लिफ यांनी तसाच एक सिद्धांत राज्यकर्ते आणि महागुरू या दोघांनाही लावला: प्राणघातक पापात असेपर्यंत कोणी राजा राजा नव्हे, कोणी महागुरू महागुरू नव्हे. त्या काळच्या धर्माधिकाऱ्यांची श्रीमंती पाहता त्यांचा संताप समजण्यासारखा होता. परंतु कॉन्स्टन्सच्या परिषदेने ४ मे १४१५ रोजी हे मत अमान्य केले.

ते अमान्य होणे का आवश्यक होते, याचा विचार केला पाहिजे. माणसाच्या आत्म्याची स्थिती देवावाचून कोणास दिसते? न्यायाधीशाचा निवाडा खरा की खोटा हे जर त्याच्या त्या दिवशीच्या अंतःकरणावर अवलंबून ठेवले, तर कोणताच निवाडा पक्का राहणार नाही. आपल्या मुलाचा स्नानसंस्कार झाला की नाही, आपला विवाह लागला की नाही, या चिंतेत प्रत्येक कुटुंब राहील. आणि ज्याला आज्ञा पाळावयाची नसेल तो ‘हा अधिकारी पापी आहे’ एवढे म्हणून मोकळा होईल. पापाने पद आपोआप गळून पडते असे मानणे म्हणजे प्रत्येकाच्या हाती दुसऱ्याला पदच्युत करण्याची सनद देणे होय.

मात्र त्याच परिषदेने त्याच महिन्यात आणखी एक गोष्ट केली. त्या वेळी पोपपदावर हक्क सांगणारे तिघे जण होते. त्यांपैकी तेविसावे जॉन हे नाव धारण केलेले बाल्दासारे कोस्सा यांना परिषदेने २९ मे १४१५ रोजी पदावरून दूर केले. पवित्र पदांचा बाजार मांडणे आणि लांच्छनास्पद आचरण हे त्यांच्यावरील आरोपांत होते. (त्यांची गणना पुढे अधिकृत पोपमालिकेत झाली नाही, म्हणूनच १९५८ साली निवडून आलेल्या पोपमहोदयांना तेविसावे जॉन हे नाव घेता आले.) कोस्सा यांच्यावरील सर्व आरोप खरे होते काय, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. तरी आमच्या विषयाच्या दृष्टीने एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. एकीकडे परिषद म्हणाली की पापामुळे पद आपोआप जात नाही. दुसरीकडे तिने आरोप मांडून, साक्षी घेऊन एका माणसाला पदावरून काढले. यात विसंगती नाही. पद आपोआप जात नाही, म्हणूनच ते जाहीर रीतीने काढून घेण्याची व्यवस्था असावी लागते. आणखी असे की, १४१९ साली कोस्सा नवे पोप पाचवे मार्टिन यांना शरण आले, त्यांना क्षमा मिळाली आणि कार्डिनल म्हणून त्यांचा स्वीकारही झाला. पोपपद मात्र त्यांना पुन्हा मिळाले नाही.

परिषद निर्दोष होती असे आम्हांला सुचवावयाचे नाही. तिच्याच निर्णयामुळे त्याच वर्षी ६ जुलै रोजी यान हुस यांना जिवंत जाळण्यात आले. १९९९ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्या क्रूर मृत्यूबद्दल खोल खेद व्यक्त केला. दुसऱ्याचा न्याय करणाऱ्यांच्या हातूनही घोर अन्याय होऊ शकतो, ही जाणीव या साऱ्या विवेचनात जागी राहिली पाहिजे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कोणती नैतिक चूक पदच्युतीस कारण व्हावी? सर्वसाधारण समजूत अशी की पाप जितके मोठे तितके पद जाण्याचे कारण मोठे. आम्हांला हा निकष चुकीचा वाटतो. पाप किती मोठे हे पापनिवेदनाच्या वेळी विचारावयाचे असते. पदाच्या बाबतीत विचारावयाचा प्रश्न निराळा: या माणसाच्या हाती जे सोपविले आहे ते यापुढे त्याच्या हाती सुरक्षित आहे काय, आणि ज्यांचे ते आहे ते त्याच्यावर विसंबू शकतात काय?

दोन उदाहरणे पाहू. योगायोग असा की दोन्ही इंग्लंडच्या लॉर्ड चॅन्सेलरांची आहेत आणि दोघांनीही काल्पनिक बेटांवर ग्रंथ लिहिले. पहिले खुद्द थॉमस मोर. त्यांचे जावई विल्यम रोपर यांनी लिहिलेल्या चरित्रात एक प्रसंग आहे. एका विधवेच्या बाजूने मोर यांनी निवाडा दिला होता. नववर्षाची भेट म्हणून तिने त्यांना हातमोजे आणून दिले. आत चाळीस पौंडांची सोन्याची नाणी होती. स्त्रीने दिलेली नववर्षाची भेट नाकारणे असभ्यपणाचे होईल म्हणून मोर यांनी मोजे ठेवून घेतले आणि सोने परत केले. दुसरे, तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकन. ते १६१८ साली चॅन्सेलर झाले. १६२१ साली त्यांच्यावर पक्षकारांकडून पैसे घेतल्याचे अठ्ठावीस आरोप ठेवण्यात आले. त्यांनी ते मान्य केले. चाळीस हजार पौंड दंड, राजाची मर्जी असेपर्यंत कैद आणि यापुढे कोणतेही सरकारी पद नाही, अशी शिक्षा झाली. कैद थोड्याच दिवसांत संपली, दंडही पुढे माफ झाला. पद मात्र परत मिळाले नाही. या प्रकरणातील विलक्षण भाग असा की पहिल्या दोन तक्रारदारांपैकी एकाने शंभर व दुसऱ्याने चारशे पौंड दिले होते, आणि निकाल दोघांच्याही विरुद्ध गेला होता! पैसे घेतले पण न्याय विकला नाही, असे बेकन यांचे म्हणणे होते. ते खरे असेलही. तरीसुद्धा त्यांचे जाणे योग्यच होते. ज्या न्यायाधीशाने पैसे घेतले आहेत त्याचा प्रामाणिक निवाडासुद्धा कोणाला प्रामाणिक वाटणार नाही. आणि न्यायासनापुढे उभ्या राहिलेल्या गरिबाला निवाडा जितका हवा असतो तितकाच त्याविषयीचा भरवसाही. बेकन यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या ‘न्यू अटलांटिस’ या ग्रंथातील काल्पनिक बेटावर बक्षिसी घेणाऱ्या अधिकाऱ्याला ‘दोनदा पगार घेणारा’ म्हणून हिणविले जाते, ही नोंद वाचून मन उदास होते.

या कसोटीने पाहिले असता पुष्कळ गोंधळ दूर होतो. एखाद्या पदाधिकाऱ्याच्या जीवनात असे पाप असू शकते की त्याचा त्याच्याकडे सोपविलेल्या कामाशी संबंध नाही आणि त्याने कोणा दुबळ्याला इजा पोहोचलेली नाही. ते त्याच्या व देवाच्या मधले आहे. ते चव्हाट्यावर आणणे हे स्वतःच पाप होईल. उलट, खजिनदाराने हिशेबात केलेली लहानशी लबाडी रकमेने क्षुल्लक असली तरी पदाच्या मुळावर घाव घालते. शिक्षकाने किंवा धर्मगुरूने बालकाच्या विश्वासाचा घात करणे हा तर असा अपराध आहे की तेथे ‘पुन्हा एक संधी’ ही भाषा बोलण्याचा अधिकार बालकाखेरीज दुसऱ्या कोणालाही नाही. आणि ती संधी देण्याचे ओझे बालकावर टाकणे हाही अन्यायच. अशा अपराधाची दाद देशाच्या कायद्याकडेही मागितली पाहिजे. पदावरून काढले म्हणजे काम संपले, असे तेथे होत नाही.

ख्रिस्तसभेचा कायदा आज या बाबतीत काय सांगतो हे पुष्कळ भाविकांना ठाऊक नसते. १९८३ सालच्या धर्मसभा-संहितेतील १७४० वे कलम प्रमुख धर्मगुरूंना, म्हणजे आम्हांलाही, लागू आहे. धर्मगुरूची सेवा कोणत्याही कारणाने हानिकारक किंवा निदान निष्फळ ठरू लागली, तर त्याचा गंभीर दोष नसतानाही महागुरू त्याला त्या धर्मग्रामातून दूर करू शकतात. ‘दोष नसतानाही’ हे शब्द वाचकांनी सावकाश वाचावेत. काढून टाकणे ही येथे शिक्षा नाही. ते लोकांच्या हिताचे रक्षण आहे. म्हणूनच पुढील कलमांत त्या धर्मगुरूच्याही हिताची तरतूद आहे: महागुरूंनी आधी दोन धर्मगुरूंशी विचारविनिमय करावा, कारणे सांगून पंधरा दिवसांत राजीनामा देण्याविषयी त्याचे मन वळवावे, त्याने विरोध केल्यास कागदपत्रे पाहून लेखी म्हणणे मांडण्याची संधी द्यावी, आणि दूर केल्यावर योग्यतेनुसार दुसरे काम किंवा निर्वाहाची सोय पाहावी. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी हीच दिशा महागुरूंच्या बाबतीतही स्पष्ट केली. अत्याचारप्रकरणी कर्तव्यात गंभीर कसूर करणाऱ्या महागुरूला, स्वतः त्याने मोठे नैतिक पाप केलेले नसले तरी, पदावरून दूर करता येते. एलीला दोष देणाऱ्या शास्त्राची ही जणू कायद्याने घेतलेली दखल आहे.

तरीही एक आक्षेप उरतो, आणि तो भाविक मनातून येतो म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे. प्रभूने पेत्राला दूर केले काय? तीनदा नाकारणाऱ्या त्या शिष्याच्या हातीच मेंढरे सोपविली ना? होय. पण ती कशी सोपविली हे पाहावे. ज्याचा अपराध झाला होता त्या प्रभूनेच, दुसऱ्या कोणी नव्हे, ती क्षमा केली. आणि मेंढरे सोपविण्यापूर्वी त्याने पेत्राला तीनदा प्रीतीविषयी विचारले, इतके की पेत्र दुःखी झाला. नाकारण्याचा विषय टाळून ते पद परत मिळालेले नाही. शिवाय पेत्र भीतीने कोसळला होता, मेंढरांना त्याने खाल्ले नव्हते. याउलट यहूदाची जागा रिकामी झाल्यावर सुमारे एकशेवीस बंधुजन एकत्र जमले, निवडीची अट सांगितली गेली, प्रार्थना झाली, आणि मत्थियाची निवड झाली. एका माणसाच्या पतनाने सेवा थांबता कामा नये, ही काळजी त्या पहिल्याच मंडळीने घेतली. कोणी दावीद राजाचेही नाव घेईल. दावीदाला क्षमा मिळाली आणि सिंहासनही राहिले, हे खरे. परंतु त्याच्या घराण्यातील कलहाची आग पुढे साऱ्या राज्याने सोसली. ते उदाहरण क्षमेचे आहे, कारभाराचे नव्हे.

तेव्हा आम्हांला वाटते ते असे: क्षमा आणि पद या दोन वेगळ्या वस्तू आहेत. क्षमा हे देवाचे दान आहे. पश्चात्तापी माणसाला ते नाकारण्याचा अधिकार कोणालाही नाही, आम्हां धर्मगुरूंना तर मुळीच नाही. पद हे लोकांची ठेव आहे, आणि ठेव परत मागणे म्हणजे सूड नव्हे. ‘मला क्षमा केलीत तर मग माझे पद का घेता?’ असे म्हणणारा पदाला आपली मालमत्ता समजतो. ‘पद काढून घेतले, आता त्याचे तोंड पाहणे नको’ असे म्हणणारा क्षमेला आपली मालमत्ता समजतो. दोघांचीही चूक एकच आहे.

आपल्या धर्मग्रामांत यातील काय आढळते? पॅरिश कौन्सिल, पतपेढी, शाळेची समिती, तरुणांची व महिलांची मंडळे, सर्वत्र पदे आहेत आणि पदांवर आपल्यासारखीच दुबळी माणसे आहेत. एखाद्याविषयी शंका आली की तिची चर्चा लग्नाच्या मांडवात होते, बाजारात होते, अंत्यविधीहून परतताना होते. होत नाही ती फक्त वार्षिक सभेत, जेथे ती व्हावयास हवी. तेथे ‘कशाला वाईट व्हायचे’ म्हणून सारे गप्प बसतात आणि हिशेब टाळ्यांच्या गजरात मंजूर होतात. अशी कुजबुज निरपराध्याला ठार करते आणि तसले मौन अपराध्याला पोसते. यूटोपियातील तो दंडक येथे उपयोगी पडेल: विषय योग्य जागी मांडावा, त्याच दिवशी निकाल लावू नये, आरोप झालेल्याला ऐकून घ्यावे, कागद तपासावेत. वैर काढण्यासाठी नीतीचे नाव पुढे करणारे पुष्कळ असतात. खुद्द थॉमस मोर यांच्यावरही पदत्यागानंतर लाच घेतल्याचे आळ आले आणि टिकले नाहीत. म्हणून चौकशी हवी, आणि ती आरोपी व तक्रारदार दोघांच्याही रक्षणासाठी हवी.

आणि एखाद्याला खरोखरच पदावरून उतरावे लागले, तर त्याच्या घरची पायवाट मोडू देऊ नये. त्याच्या पत्नीला व मुलांना पुढील रविवारी चर्चमध्ये शेजारच्या बाकावर जागा मिळाली पाहिजे. त्याच्या हातून ज्यांचे नुकसान झाले त्यांच्या घरी त्याआधी कोणीतरी गेले पाहिजे. या दोन्ही भेटी ज्या धर्मग्रामात होतात, तेथे न्याय आणि दया यांची गाठ पडली असे आम्ही म्हणू.

पदांवर असलेल्या आम्हां सर्वांना धान्याच्या त्या पेंढीची आठवण राहो, आणि ज्या दिवशी ती आमच्या हाती सुरक्षित उरणार नाही, त्या दिवशी ती खाली ठेवण्याचे धैर्य प्रभू आम्हांला देवो.